भुसावळचं आप्पांचं चायनीज: भट्टी पेटती आहे तोवर

आधी निकाल सांगून टाकतो. भुसावळात फ्राइड राइस खायचा असेल तर जामनेर रोडच्या बाजूच्या आप्पांच्या चायनीजला जा, हाफ मागवा आणि 'पुढच्या महिन्यात जाऊ' म्हणू नका. दुकानाला पाटीवर दुसरं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. जागामालकाशी बोलणी अजून चालू आहेत, म्हणून ते नाव इथेही छापत नाही. रेल्वे कॉलनीत, दीपनगरला किंवा वरणगाव फॅक्टरीच्या माणसाला 'आप्पांचं चायनीज' म्हटलं की तो हात करून रस्ता दाखवतो.

सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, दोन पंखे. भट्टीवर आप्पा. कापणी, चटणी आणि सूप काकूंकडे. गल्ल्यावर मोठी सून, पार्सलला धाकटा मुलगा, भांड्यांना एक पोरगा. बाहेरून आणलेला 'नेपाळी कुक' नाही. आप्पा मुंबईत एका चायनीज हॉटेलात भांडी घासता घासता शिकले आणि गावी येऊन गाडी लावली. गाडीचं पुढे दुकान झालं. इथलं खाणं चांगलं का आणि हे दुकान अडचणीत का, दोन्हींचं कारण एकच आहे. सगळं एका भट्टीवर, एका माणसाच्या हातून, एका वेळी एकच प्लेट असं निघतं.

फ्राइड राइसपासून सुरुवात करू, कारण चायनीजवाल्याची परीक्षा तिथेच होते. इथे भात दुपारी चारला लागतो. तांदूळ सेला, अर्धा तास भिजवलेला. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, मीठ आणि चमचाभर तेल. दाण्यात बारीक कणी उरली की भात लगेच वेळून घेतात आणि दोन मोठ्या परातींत पंख्याखाली पसरतात. पातेल्यातच ठेवला तर स्वतःच्या वाफेवर तो शिजत राहतो, आणि मग कढईत कितीही उडवा, गचकाच होणार. वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. तिथून लागेल तसा थोडा थोडा बाहेर येतो. रात्री उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत. काकूंचा याबाबतीतला हट्ट शास्त्राला धरून आहे. शिजलेला भात तासन् तास उबेला राहिला तर बॅसिलस सेरियस नावाचे जंतू त्यात वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष नंतर भात कडकडीत परतला तरी मरत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या भुसावळात सकाळचा भात संध्याकाळपर्यंत गाडीवर उघडा ठेवणारे कमी नाहीत. पोट बिघडलं की लोक अजिनोमोटोला शिव्या देतात. बहुतेकदा गुन्हेगार भात असतो.

आता भट्टी. हायप्रेशर बर्नर, दोन तोंडं. डावं शाकाहारी, उजवं चिकन-अंड्याचं. कढया, झारे, तेलाचे डबे, सगळं वेगळं. लेवा पाटील, मारवाडी आणि माळकरी मंडळी ज्या गावात गिऱ्हाईक आहेत तिथे हे पाळावंच लागतं, आणि इथे ते नुसतं पाटीवर लिहिलेलं नाही, काचेतून दिसतं. कढई चौदा इंची, लोखंडी, तेल पिऊन काळी झालेली. आप्पा तिला साबण लावू देत नाहीत. प्रत्येक प्लेटनंतर गरम पाणी, बांबूचा ब्रश, पाणी बाहेर, परत आचेवर. धूर निघाला की दोन पळ्या तेल. लसूण पाच-सहा सेकंद, लाल व्हायच्या आत गाजर आणि फरसबी, मग कोबी. भाज्या अर्ध्या मिनिटाच्या वर नाहीत. मग हाफचा भात, साधारण पाव किलो. मीठ, पांढरी मिरी, चिमूट अजिनोमोटो. सोया सॉस भातावर ओतत नाहीत, कढईच्या तापलेल्या कडेवर फिरवतात. तिथे तो चर्रकन आटतो आणि त्याचा कच्चा, खारट वास जातो. भातावर ओतला तर काळे डाग पडतात आणि एक घास खारट, एक अळणी. व्हिनेगर अगदी शेवटी, पातीचा कांदा गॅस बंद केल्यावर. सगळं मिळून अडीच मिनिटं, घासणी धरून तीन.

आता गल्ल्याच्या बाजूने हिशेब मांडा. तीन मिनिटांना एक प्लेट म्हणजे तासाला वीस. आठ ते दहा ही खरी गर्दीची वेळ, तिच्यात चाळीस. याच्यापुढे आप्पा जाऊ शकत नाहीत. दोन तोंडं असली तरी हात एकाचाच. शेजारच्या गाडीवर एका कढईत चार फुल एकदम पडतात आणि गिऱ्हाईक पाच मिनिटांत मोकळं होतं. तिथे काय होतं ते सांगतो. दीड-दोन किलो गार भात पडला की कढईचा ताव मोडतो, कोबीला पाणी सुटतं, परतायच्या ऐवजी सगळं वाफेवर शिजतं. मग रंग आणण्यासाठी जास्त सोया, चव आणण्यासाठी जास्त शेजवान, आणि ओलसरपणा झाकायला वरून तेल. आप्पांना हे माहीत आहे, म्हणून ते चार फुल एकदम टाकत नाहीत. फुलसुद्धा गर्दी नसेल तरच एका खेपेला, नाहीतर दोन हाफ करून. म्हणून वर हाफ मागवा म्हटलं. दोघांना पोटभर हवं असेल तर एक फुल न घेता दोन वेगळे हाफ घ्या. व्हेज फ्राइड राइस हाफ ७०, फुल १२०. वीस रुपये जास्त जातील, पण दुसरी प्लेट गरम येईल.

हक्का नूडल्सही चांगले. ते उकळत्या पाण्यात जरा कच्चे ठेवून काढतात, लगेच गार पाण्याखाली धरतात, पूर्ण निथळले की तेलाचा हात लावतात. निथळायच्या आधी तेल लावलं तर पाणी आतच अडकतं आणि नूडल्स कढईला चिकटतात. इथे तुटलेले तुकडे प्लेटमध्ये सहसा येत नाहीत. त्याबद्दल एवढंच पुरे.

शेजवान चटणी मात्र थांबून बघण्यासारखी. बाजारातली लाल बरणी इथे दिसणार नाही. मिरची नंदुरबारची. हिवाळ्यात तिथे पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, त्या हंगामात वर्षाची एकदम भरतात. रंगाला बेडगी मिसळतात, तीन भाग बेडगीला एक भाग नंदुरबारची. उलटं प्रमाण केलं तर खानदेशी माणूससुद्धा दुसऱ्या घासाला पाणी मागेल. पाव किलो मिरचीचे देठ आणि अर्ध्याहून जास्त बिया काढून ती पाऊण तास गरम पाण्यात. मग जाडसर वाटण. तितकाच लसूण, पण वाटलेला नाही, बारीक चिरलेला. आलं पन्नास ग्रॅम, तेल चारशे मिलि. लसूण मंद आचेवर, रंग बदलायच्या आत वाटण घालायचं. पुढे वीस-पंचवीस मिनिटं हलवत राहायचं, तेल बाजूला होईपर्यंत. मग मीठ, थोडी साखर, सोया, व्हिनेगर. तेल सुटायच्या आत उतरवली तर मिरचीचा कच्चा वास राहतो आणि चार दिवसांत बुरा येतो. लसूण करपला तर सगळी बरणी कडू, आणि साखरेने ते झाकत नाही. चीनच्या सिचुआनशी या चटणीचा संबंध नावापुरता. तिकडच्या जेवणात जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी असते, ती आपल्याकडच्या चायनीजमध्ये कुणी घालत नाही. गंमत म्हणजे तिची सख्खी चुलत बहीण कोकणात माशाच्या कालवणात पडते, तिरफळ म्हणून.

मंचुरियनचा रंग इथे तपकिरी असतो, आणि पहिल्यांदा येणारी पोरं त्यावरून नाक मुरडतात. मुरडू द्या. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी पहिल्यांदा हा प्रकार केला असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची, मग गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. त्यात लालभडक व्हायला काही नव्हतंच. लाली नंतर डबीतून आली. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, त्याच आदेशात बुढ्ढी के बाल रंगवणारं रोडामाइन-बीही बंद केलं. आप्पांनी रंगाची डबी त्याच्या आधीपासूनच ठेवलेली नाही.

गोळ्यांचं प्रमाण साधारण असं: एक किलो बारीक चिरलेला कोबी, दोनशे ग्रॅम किसलेलं गाजर, दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम कॉर्नफ्लोअर, आलं-लसूण-हिरवी मिरची, मिरपूड. मीठ सगळ्यात शेवटी. मीठ लावून मिश्रण तासभर ठेवलं की कोबी पाणी सोडतो, मग गोळे वळत नाहीत म्हणून मैदा वाढतो, आणि तळल्यावर आतून रबर. बहुतेक ठिकाणच्या मंचुरियनचं हेच दुखणं असतं. इथे काकू पाव-पाव किलोचंच मिश्रण करतात, वळलं की तळलं. एकदा मध्यम आचेवर फिकट काढून ठेवतात, ऑर्डर आली की कडक तेलात दुसऱ्यांदा. ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअरची पातळ पेज दोन हप्त्यांत जाते आणि उकळी आली की उतरवतात. व्हिनेगर इथेही शेवटीच. आंबट आधी घालून उकळत ठेवलं तर ग्रेव्हीचा दाटपणा मोडतो आणि पाणी सुटं होतं. ड्राय १००, ग्रेव्ही ११०. ड्राय घ्या.

काय घेऊ नका तेही सांगायला हवं. मंचाव सूप इथलं साधारण आहे. कोबीचे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, आलं घालून उकळलेलं पाणी छान असतं, पण नंतर त्याला कॉर्नफ्लोअर इतकं लावतात की चमचा उभा राहावा. पनीर चिली घेऊ नका, पनीर फ्रिजमधून थेट तेलात जातं आणि चिवट होतं. ट्रिपल शेजवान हा प्रकार मेनूवर आहे तो फक्त कॉलेजच्या पोरांसाठी. भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एका ताटात कोंबल्यावर तिघांचंही वाटोळं होतं. आणि चायनीज भेळ, ती तळलेल्या नूडल्सचा चुरा संपवायची सोय आहे. आप्पा स्वतः खात नाहीत, विचारून बघा.

जैन मागितलं तर सून सरळ 'नाही जमत' म्हणते, आणि ते बरोबर आहे. चटणीपासून ग्रेव्हीपर्यंत लसूण आहे, तो काढला तर उरतं काय? अजिनोमोटो नको म्हटलं तर घालत नाहीत. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळातून शोधलेला हा क्षार नेहमीच्या प्रमाणात अपायकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. तो नसला तर फरक कळतो, पण भात चांगला असेल तर फार अडत नाही.

बसायची सोय यथातथा. एप्रिल-मेमध्ये आत बसणं म्हणजे शिक्षा आहे, एक्झॉस्ट एकच आणि तोही भट्टीच्या डोक्यावर. हात धुवायचं बेसिन मागे, वाटेत कांद्याची पोती. पाणी जारचं. आठनंतर पंचवीस मिनिटं थांबावं लागतं, सून आधीच सांगते: "भाऊ, वीस-पंचवीस मिनटं लागतीन, थांबतान का?" हे आधी सांगितलं जातं, ही गोष्ट मोठ्या एसी हॉटेलांत मिळत नाही.

हिवाळ्यात एक वेगळीच अडचण. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. त्यात हायप्रेशर बर्नर सिलिंडरमधून गॅस इतक्या वेगाने ओढतो की सिलिंडर बाहेरून गार पडतो, घाम धरतो, कधी दव गोठतं. आतला द्रव गॅस पुरेसा उडत नाही, प्रेशर पडतं, आणि ज्योत निळीची पिवळी होते. सिलिंडर अर्धा भरलेला असतो तरी भट्टी मंदावते. आप्पांनी यावर दोन एकोणीस किलोचे सिलिंडर एका पाइपला जोडून घेतलेत, दोन्हीतून निम्मा-निम्मा गॅस निघतो म्हणून कुठलाच फार गार पडत नाही. तरीही थंडीत साडेनऊनंतरचा राइस उन्हाळ्यातल्या राइसच्या बरोबरीचा नसतो. काही जण सिलिंडर गरम पाण्याच्या टपात ठेवतात किंवा बाजूला शेगडी लावतात. ते बघितलं की तिथून उठावं.

आता पुढचं. अकरा महिन्यांचा करार दिवाळीनंतर संपतोय. जागामालकाला इमारत पाडून नवी बांधायची आहे. नव्या गाळ्यात जागा देतो म्हणतो, पण भाडं आजच्या दुप्पट आणि मध्ये दीड-दोन वर्षं बंद. हे एक. दुसरं म्हणजे आप्पांचा उजवा खांदा. भातासकट कढई अडीच-तीन किलोच्या घरात जाते, ती रोज पाच तास मनगटावर आणि खांद्यावर उडते. डॉक्टरांनी कमी करा म्हटलंय. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत आहे, परत येणार नाही. धाकटा भट्टीवर उभा राहतो, दुपारी गर्दी नसताना त्याच्या हातचं खाऊन बघा: नूडल्स बापासारखे, राइस अजून नाही. त्याची आच ठीक असते, पण तो सोया लवकर टाकतो, भात तापायच्या आधी. आणि पगारी माणूस ठेवावा तर तो सहा महिन्यांत शिकतो आणि स्वतःची गाडी लावतो. शहरातल्या दोन-तीन चालू गाड्या इथूनच निघालेल्या आहेत. आप्पा त्याबद्दल तक्रार करत नाहीत. तेही असेच निघाले होते.

घरात तीन पर्याय बोलले जातात. एक, छोटा गाळा घेऊन नुसतं पार्सल. दोन, अ‍ॅपवर जाणं. तीन, दुकान कुणाला तरी चालवायला देणं. पहिल्या दोन्हींना या मालाचाच विरोध आहे. ताव लागलेला राइस डब्यात बंद केला की त्याची वाफ झाकणाला लागून परत भातावर पडते, दहा मिनिटांत कोरडेपणा जातो. आत्ता धाकटा डब्याच्या झाकणाला भोकं पाडतो, राइस कागदाच्या पुड्यात बांधून देतो, मंचुरियनचे गोळे आणि ग्रेव्ही वेगळी. गावातल्या गावात हे चालतं. दीपनगरपर्यंत नाही. अ‍ॅपचा हिशेब तर आणखी अवघड. १२० च्या फुलमध्ये तांदूळ, भाजी, तेल, सॉस आणि गॅस मिळून ढोबळमानाने पस्तीस-चाळीस जातात. उरलेल्या ऐंशीतून भाडं, वीज, पोरग्याचा पगार. त्यातून कमिशन आणि सवलतीचा वाटा मिळून पाव हिस्सा गेला की घरच्यांची मजुरी फुकट. एरवी यावर उपाय म्हणून लोक प्लेटा वाढवतात. पण इथे तासाला वीसच्या वर प्लेट निघत नाही, त्यामुळे अ‍ॅपवरून आलेली प्रत्येक ऑर्डर टेबलावर बसलेल्या माणसाची प्लेट मागे ढकलते.

तिसरा पर्याय, चालवायला देणं, सगळ्यात सोपा आणि गिऱ्हाइकासाठी सगळ्यात वाईट. पाटी तीच राहील, कढईत चार फुल पडतील.

एक चौथा मार्ग आहे आणि तो या घराला परवडेल असं वाटतं. मेनूवर आज साठेक पदार्थ आहेत, ते बारा करावेत. सूप दोन, राइस तीन, नूडल्स तीन, मंचुरियन ड्राय-ग्रेव्ही, चिकनचे दोन. पनीर, भेळ, ट्रिपल सगळं बंद. भांडवल अडकत नाही, फ्रिज अर्धा मोकळा होतो, काकूंची कापणी निम्म्यावर येते. दुसरं म्हणजे शेजवान चटणी बरणीत भरून विकावी. ती रात्री नाही, सकाळी होते, तिला आप्पांचा खांदा लागत नाही आणि तासाला वीसचं बंधनही नाही. एका वेळी चार किलो निघू शकते. त्यासाठी अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, वजन, घटक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख लेबलवर लागेल, आणि बरणी कोरडी करून तोंडापर्यंत तेल राहील अशी भरावी लागेल. नाहीतर भुसावळच्या उन्हात पंधरा दिवसांत बुरा. आत्ता मागितली तर काकू ओळखीच्या माणसाला पाव किलो देतात, ८० रुपयांत, डबा आपला. हा भाव फारच कमी आहे, वाढवायला हवा.

आणि भाव राइसचाही वाढवायला हवा. हाफचे ७० हे गाडीच्या भावाला बांधून ठेवलेले आहेत, माल मात्र गाडीचा नाही. नव्वद केले तर काही कॉलेजची पोरं जातील, आठची रांग जरा सरकेल, बाकीचे येतच राहतील. सूनबाई याला तयार आहे, आप्पा नाहीत. "रेल्वेचा खलाशी येतो नं आपल्याकडं," एवढंच म्हणतात.

वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा, दुपारी फक्त शनिवार-रविवार बारा ते तीन, सोमवारी बंद. श्रावणात आणि एकादशीला चिकनची भट्टी विझलेली असते, त्या दिवशी शाकाहारी राइस लवकर मिळतो. पैसे रोख किंवा फोनवरून, कार्ड चालत नाही. साडेसातच्या आत पोचलात तर भट्टीसमोरचं टेबल मिळेल, तिथून काच स्वच्छ आहे. मागवा: व्हेज राइस हाफ, मंचुरियन ड्राय, चटणी वेगळी. दिवाळीनंतर जाणार असाल तर आधी फोन करा, नंबर पाटीवर आहे.